अवकाशात रोप वाट चुकत नाही, गुदमरतं

रामबागेतल्या एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला अवकाशातल्या रोपांवर काही मांडायचं आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ च्या जून-जुलैमध्ये अवकाश स्थानकावर मेथी आणि मूग रुजवले, हे तिनं वाचलं आणि आईला विचारलं, "तिथं वजनच नाही, तर मुळाला खाली कुठं आणि कोंबाला वर कुठं हे कळलं कसं?" आईनं त्याला आपले दोन प्रश्न जोडले. अशी रोपं दुबळी होतात का? आणि यातलं काही घरच्या घरी दाखवता येईल का?

ताई, मुलीनं अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. इंदुरात तीसेक वर्षं मी वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि त्यातला बराच काळ मुळांमागेच गेला. थोडक्यात उत्तर असं, की मुळाला तिथं 'खाली' कळत नाही, कारण खाली असं काही उरलेलंच नसतं. तरीही मूळ वाढतं आणि कोंबही वाढतो. दिशा हरवणं रोप बऱ्यापैकी निभावून नेतं. त्याला जड जातं ते हे, की त्याच्या भोवतीची हवा आणि पाणी आपोआप हलायचं थांबतं. प्रदर्शनातल्या बहुतेक फलकांवर पहिलीच गोष्ट असते. मुलीनं दुसरीही मांडावी असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गैरसमज काढते. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि तिथं पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. वजन जाणवत नाही, कारण स्थानक, माणसं, रोपाचा डबा आणि डब्यातलं पाणी सगळं एकाच वेळी, एकाच वेगानं पडत असतं. पुढे जाण्याचा वेग इतका असतो की पडता पडता पृथ्वीला वळसा बसतो. म्हणून फलकावर 'गुरुत्व नाही' असं लिहू देऊ नका, 'वजनरहित अवस्था' लिहा.

आता मूळ. काचेच्या पेल्याला आतून ओला टिपकागद लावा आणि काच व कागद यांच्यामध्ये चार-पाच भिजलेले मूग खोचा. दोन दिवसांत बोटाच्या पेराएवढं मूळ सरळ खाली येतं. मग रात्री पेला आडवा करून ठेवा. सकाळी मुळाचं टोक काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडे निघालेलं दिसेल. भिंग असेल तर नीट बघा. वळण अगदी टोकाला नसतं, टोकाच्या थोडं मागे असतं. म्हणजे कळतं एका जागी आणि वळतं दुसऱ्या जागी. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्येच हे मांडलं होतं. टोक कापलेलं मूळ वाढत राहतं, पण वळत नाही.

टोकावर मूलटोपी असते. तिच्या मधल्या पेशींत पिष्टानं भरलेल्या बारीक पिशव्या असतात. शास्त्रात त्यांना अमायलोप्लास्ट म्हणतात. पेल्यातल्या पाण्यात साबुदाणा तळाला बसावा तशा त्या पेशीच्या तळाला बसतात. मूळ आडवं झालं की पूर्वीची कड आता तळ होते आणि काही मिनिटांत पिशव्या तिकडे घसरतात. त्या पिशव्यांवरून काही प्रथिनं पेशीच्या त्या बाजूच्या पटलावर जाऊन बसतात, हे २०२३ मध्ये स्पष्ट झालं. या प्रथिनांच्या घराण्याचं नाव 'लेझी', कारण त्यांचं जनुक बिघडलं की भाताचं रोप उभं न राहता आडवं पसरतं. ही प्रथिनं ऑक्सिन या संप्रेरकाचा ओघ खालच्या बाजूला वळवतात. मुळात ऑक्सिन जास्त झालं की पेशींचं लांबणं मंदावतं, म्हणून खालची बाजू आखूड राहते आणि मूळ खाली वळतं. कोंबात त्याच ऑक्सिननं पेशी जास्त लांबतात आणि कोंब वर उठतो. संप्रेरक एकच, पण मुळात आणि खोडात त्याचा परिणाम उलटा. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास थांबून विचार करायची.

जमिनीवर राहूनही गुरुत्वाला फसवता येतं, हे इंग्लंडमधल्या थॉमस नाइट यांनी १८०६ मध्ये दाखवलं. बागेतल्या ओढ्यावर छोटं पाणचक्र बसवून त्यावर त्यांनी घेवड्याच्या बिया बांधल्या. चक्र जोरात फिरत राहिलं आणि सगळी मुळं बाहेरच्या बाजूला, सगळे कोंब चक्राच्या मध्याकडे वाढले. मुळाला जो ओढा जाणवतो तो पृथ्वीचा की चक्राचा, हे त्याला ओळखता येत नाही.

वजनरहित अवस्थेत त्या पिशव्या तळाला बसत नाहीत, पेशीत अधांतरी राहतात. ऑक्सिन सगळीकडे सारखं वाहतं आणि मूळ बीमधून ज्या दिशेला तोंड करून बाहेर पडलं, त्या दिशेला चालू लागतं. म्हणून मुलीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की मेथी-मुगाच्या मुळांना खाली जायचं कळलं नाही आणि त्यांना ते कळायची गरजही नव्हती. मोड येणं हे पाणी, प्राणवायू आणि ऊब यांचं काम आहे, दिशेचं नाही.

मात्र रोपाकडे दिशा ओळखायचं गुरुत्व हे एकच साधन नसतं. कोंब दिव्याकडे वळतो आणि बरीचशी मुळं निळ्या प्रकाशापासून दूर जातात. अवकाश स्थानकात वरच्या बाजूला दिवे लावले की रोपं चक्क उभी वाढतात, ती त्यामुळेच. मुळं ओलाव्याकडेही वळतात. जमिनीवर काकडीच्या मुळाचं हे वळणं गुरुत्वापुढे झाकलं जातं, अवकाशात ते उघड दिसलं. सूर्यफुलाच्या कोंबाचं टोक वाढताना गोल गोल झुलतं. ते झुलणं गुरुत्वामुळे असेल अशी शंका होती, पण १९८३ मध्ये स्पेसलॅबमध्ये, म्हणजे अमेरिकन अवकाश शटलमधल्या प्रयोगशाळेत, नेलेले कोंबही झुलतच राहिले.

काकडीची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ती घरच्या कुंडीतही दिसते. काकडीचं किंवा दुधीचं बी मातीत आडवं पेरा. मूळ बाहेर आलं की मूळ आणि खोड जिथं जोडतात तिथं, फक्त खालच्या बाजूला, एक छोटी खुंटी फुटते. ती बीच्या टरफलाची खालची फाक अडकवून धरते, म्हणून वर जाणारा कोंब टरफलातून बीची दोन दलं अलगद सोडवून घेतो. खुंटी नीट झाली नाही तर टरफल डोक्यावर घेऊनच रोप वर येतं. तुमच्या कुंडीतही एखादं तसं आलं असेल. १९९८ मध्ये अमेरिकन शटलमधून जपानी शास्त्रज्ञांनी काकडीचं बी पाठवलं. सगळ्यांना वाटत होतं की गुरुत्व नसेल तर खुंटी येणार नाही. पण प्रत्येक रोपाला दोन खुंट्या आल्या, दोन्ही बाजूंना एकेक. म्हणजे खुंटी फोडण्याचा हुकूम गुरुत्व देत नाही. रोप दोन्हीकडे खुंटी फोडायला तयारच असतं आणि गुरुत्व वरच्या बाजूची खुंटी दाबून टाकतं. आपल्या पायाखाली दररोज चाललेली ही गोष्ट आकाशात गेल्यावर कळली. असे प्रयोग 'कशाला एवढा खर्च' म्हणून बाजूला सारले जातात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू, हवा आणि पाणी.

जमिनीवर पानाजवळची हवा थोडी गरम झाली की हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी ताजी येते. वारा नसला तरी हे अभिसरण चालू असतं. त्यातूनच पानाला कार्बन डायऑक्साइड मिळत राहतो आणि वाफ दूर जाते. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण तिथं 'वर' नाही. पानाभोवती त्याच्याच श्वासाची शिळी हवा चिकटून राहते. पाण्याचंही तसंच. इथं कुंडीत घातलेलं पाणी खाली उतरतं आणि मातीच्या फटींतून पुन्हा हवा आत येते. तिथं पाणी उतरत नाही. पृष्ठताणामुळे ते कणांना आणि मुळांना जाड थर धरून बिलगतं, आणि त्या थरातून मुळाला पुरेसा प्राणवायू पोचत नाही. डब्यातली एकूण ओल अगदी योग्य असली तरी मूळ बुडाल्यासारखं असतं.

ही स्थिती माळव्यात राहणाऱ्याला वेगळी समजवावी लागत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटी, सलग पावसानंतर मी इंदूरजवळच्या सांवेरकडे सोयाबीनच्या एका शेतात गेले होते. आपली काळी माती, एकदा फुगली की हवेला वाट नाही. रोपं कमरेला पोचायची ती गुडघ्याशीच पिवळी पडली होती. शेतकरीदादा म्हणाले, खत कमी पडलं असेल. आम्ही एक रोप उपटलं. मूळ तपकिरी, वरच्या चार बोटांतच गुंडाळलेलं, नत्र धरणाऱ्या गाठी नावालाच, आणि चिखलाला नासल्यासारखा वास. मुळाला श्वास मिळाला नव्हता. याच इंदुरात १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. लोकांना त्यांचं कंपोस्ट खत आठवतं. पण जमिनीला हवा लागते, हेही ती दोघं वर्षानुवर्षं तळमळीनं सांगत होती. अवकाशातून आलेल्या रोपांच्या पेशी तपासल्या तेव्हा त्यांत अल्कोहोल डीहायड्रोजिनेजचं प्रमाण वाढलेलं आढळलं. प्राणवायू कमी पडला की हेच वितंचक, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, रोप वाढवतं. पाणी साचलेल्या रानात आणि कक्षेतल्या डब्यात रोपाची तक्रार एकच असते.

याचा सगळ्यात सुरेख पुरावा १९९३-९४ मधल्या शटलच्या तीन फेऱ्यांत मिळाला. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं छोटं रोप नेलं होतं. पहिल्या फेरीत फुलांची वाढ सुरुवातीलाच थांबली, परागकण आणि बीजांडं दोन्ही मरून गेली. कुणीही म्हणालं असतं, वजन नसलं की झाडाला बी धरत नाही. पण दुसऱ्या फेरीत डब्यात कार्बन डायऑक्साइड वाढवला, तर पराग नीट तयार झाले, फक्त बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या फेरीत डब्यातून हवा वाहती ठेवली आणि कोवळी बीजं व्यवस्थित धरली. तिन्ही वेळा वजनरहित अवस्था तीच होती, बदलली ती हवा. खरं तर १९८२ मध्येच सॅल्यूत-७ या सोव्हिएत अवकाश स्थानकावर याच रोपानं फुलून बी दिलं होतं, म्हणजे ते अशक्य नव्हतंच. कारण सापडायला वेळ लागला.

मीर या रशियन अवकाश स्थानकावरच्या गव्हाची गोष्टही अशीच. १९९६-९७ मध्ये तिथं बुटक्या जातीचा गहू वाढवला. ओंब्या भरपूर आल्या, दिसायला छान, पण आत एक दाणा नाही. शोधल्यावर स्थानकाच्या हवेत दहा लाख भागांत एक-दोन भाग इथिलीन निघालं. आंब्याची आढी लावताना एक पिकलेला आंबा बाकीच्यांना पिकवतो तो याच वायूनं. उघड्या शेतात तो उडून जातो, बंद स्थानकात साचतो, आणि तेवढ्यानं गव्हाचे पराग वांझ झाले. पुढे इथिलीन सोसणारी दुसरी जात नेली आणि दाणे भरले. १९९७ मध्ये मीरवरच अंतराळवीर मायकल फोल यांनी मोहरीच्या एका जातीच्या फुलांचं परागीकरण हातानं केलं. बी आलं, ते पेरल्यावर उगवलंही. पण दाणे लहान होते, आणि तेल व प्रथिनांऐवजी पिष्टच जास्त. बंद शेंगेच्या आत हवा हलत नसेल तर असंच होणार, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि मला तो पटतो.

झिनियाचं उदाहरण मुलीला आवडेल. २०१५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय स्थानकावर झिनियाची रोपं लावली होती. दमटपणा वाढला, पानांच्या कडांवर पाण्याचे थेंब साचू लागले, मग बुरशी धरली. पंखा वाढवला तर रोपं सुकायला लागली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी ठरल्या वेळापत्रकानं पाणी देण्याऐवजी रोप बघून पाणी द्यायची मुभा मागितली. जमिनीवरच्या शास्त्रज्ञांनी त्यांना एका पानाची सूचना पाठवून कारभार सोपवला. जानेवारी २०१६ मध्ये केशरी फुलं उमलली. कुंडीत बोट घालून मग पाणी घालणाऱ्या प्रत्येक आजीला हे कळेल.

रोपं दुबळी होतात का? थोडी वेगळी होतात. अंगावर भार नसल्यामुळे कोवळ्या खोडांच्या पेशीभित्तिका नरम राहतात आणि काही रोपं जमिनीवरच्यापेक्षा लांबतात. ताणाशी संबंधित अनेक जनुकांचं काम बदलतं. रोपाला ही स्थिती अनोळखी असते आणि ते आपल्याकडची सगळी अवजारं काढून बघतं, असं मी विद्यार्थ्यांना सांगायची. पण हवा-पाणी सांभाळलं तर पीक येतं. २००२ मध्ये सोयाबीनला बी धरलं, २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तिथलं लाल लेट्यूस खाल्लं, २०२० मध्ये मुळा काढला, २०२१ मध्ये मिरच्या तोडल्या, २०२२ मध्ये चिनी स्थानकावर भात पेरणीपासून दाण्यापर्यंत गेला. सुनीता विल्यम्स यांनी २०२४ मध्ये लेट्यूसच्या ज्या प्रयोगावर काम केलं, त्याचा विषयही वेगवेगळ्या प्रमाणात दिलेलं पाणी हाच होता.

आपल्याकडचं उदाहरण फलकावर जरूर हवं. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० हे रॉकेट गेलं. त्याच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोनं 'क्रॉप्स' नावाच्या बंद पेटीत चवळीचे आठ दाणे ठेवले होते. चार दिवसांत ते रुजले आणि लवकरच दोन पानं दिसली. तिथं माणूस नव्हता, पाणी, ऊब, दिवे, हवेचं मोजमाप सगळं पेटीनंच केलं. शुक्ला यांच्या मेथी-मुगाचा प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठातून आणि आयआयटीतून आलेला होता.

आता घरचा प्रयोग. वजनरहित अवस्था घरी करता येत नाही, पण मुळाला दिशा ठरवू न देणं जमतं. त्या यंत्राला क्लिनोस्टॅट म्हणतात. कूलरच्या झडपा डावी-उजवीकडे हलवणारी छोटी स्विंग मोटर महाराणी रोडवर सहज मिळेल, ती मिनिटाला साधारण पाच फेरे घेते. दोन मोटरी घ्या. ती थेट घरच्या विजेवर चालते, म्हणून जोडणी जाणत्या माणसाकडून करून घ्या, मुलीला उघड्या वायरीला हात लावू देऊ नका. प्रत्येक मोटरीच्या दांड्यावर झाकणाची गोल, चपटी प्लास्टिकची डबी मधोमध चिकटवा. आत टिपकागदाचे तीन-चार थर ओले करून पिळून घाला, थेंब सुटता कामा नये. रात्रभर भिजलेले सहा-सात मूग मध्यापासून तीन सेंटिमीटरच्या आत, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवा आणि झाकणानं कागदावर हलके दाबले जातील असं बघा. फार कडेला ठेवलेत तर फिरण्याचाच ओढा मुळांना जाणवू लागेल, नाइट यांच्या चक्रावर झालं तसा. झाकणाला सुईनं भोकं पाडा आणि वर काळं फडकं टाका, म्हणजे उजेडाची दिशा उरणार नाही.

पहिली मोटर अशी बसवा की दांडा आडवा राहील आणि डबी भिंतीवरच्या घड्याळासारखी उभी फिरेल. दुसरीचा दांडा उभा ठेवा, म्हणजे डबी जात्यासारखी सपाट फिरेल. फिरणं दोन्हीकडे तेच, पण पहिलीत 'खाली' सतत बदलतं, दुसरीत बदलत नाही. ही दुसरी डबी कुणी ठेवत नाही आणि मग परीक्षक विचारतात, फिरल्यामुळेच मुळं वाकडी झाली नाहीत कशावरून? सपाट डबीतली मुळं कागद भेदून खाली घुसू बघतील, उभ्या डबीतली जिकडे तोंड होतं तिकडे जातील.

हवेचा प्रयोग याहून सोपा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मोड आणताना आपण भिजलेल्या मुगातलं पाणी काढून ते फडक्यात बांधतो, ते मुगाला हवा मिळावी म्हणूनच. एका पेल्यात मूग पाण्यात चार बोटं बुडवून ठेवा आणि तेवढेच दाणे ओल्या पुरचुंडीत. पाणी दोघांना आहे. दोन दिवसांनी मुळं दोऱ्यानं मोजून दोरा पट्टीवर धरा. बुडालेल्या दाण्यांत मूळ जेमतेम डोकावेल, काही दाण्यांना फेस येऊन वास सुटेल. पुरचुंडीतले मोड अंगठ्याएवढे होतील. या पेल्याशेजारी आणि पुरचुंडीशेजारी शटलच्या तीन फेऱ्यांचा तक्ता लावा, म्हणजे बघणाऱ्याला दोन्हींतला संबंध दिसेल.

प्रदर्शन डिसेंबरात असेल तर इंदूरच्या थंडीत मूग एक-दीड दिवस उशिरा रुजतात, म्हणून सगळ्या डब्या स्वयंपाकघरात ठेवा आणि एक फेरी आधीच घरी करून बघा. शुक्रवारी रात्री भिजत घातलेत तर सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी मोजता येतील.